हलक्या हाताची पूनम

पूनमचा हात हलका आहे असं सगळे म्हणतात. खारघरच्या ज्या हॉस्पिटलात आम्ही दोघी आता नोकरीला आहोत, तिथे कुणाची शीर सापडेनाशी झाली की डॉक्टरसुद्धा म्हणतात, पूनम सिस्टरला बोलवा. ती येते, पट्टा बांधते, बोटाने जरा चाचपते, आणि पेशंटला कळायच्या आत सुई आत गेलेली असते. पेशंट म्हणतो, अरे वा, मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही. पूनम हसत नाही. ट्रे उचलते आणि निघून जाते. मग नवीन पोरी मला विचारतात, कल्पिता, हिला एवढा कसला गं गर्व? एकेकीच्या कानाखाली द्यावीशी वाटते मला. गर्व कसला, बायांनो! तो हात कुठे स्थिर झाला ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मी उरणकडची आगरी. आमच्या घरात कोणी हळू बोललं तर आई कपाळाला हात लावून ताप बघते. पूनम तळा तालुक्याच्या वरच्या अंगाची, डोंगराकडच्या गावातली. घरी भाताची शेती, वडील येसाजीकाका, आई आणि एक धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी ती हॉस्टेलच्या खोलीत आली ती पत्र्याची पेटी आणि तांदळाची गोणी घेऊन. मी म्हटलं, बाई, शिकायला आलीस की दुकान टाकायला? ती इतकी लाजली की मलाच वाईट वाटलं. पुढची सगळी वर्षं आम्ही त्या एका खोलीत काढली, आणि तो तांदूळ बहुतेक मीच खाल्ला.

आमचं कॉलेज किनाऱ्यावरच्या एका तालुक्याचं, आणि शिकायला तिथलं सरकारी हॉस्पिटल. नाव सांगत नाही, विचारूही नका. कॉलेजात एक रबरी हात होता. त्यात लाल पाणी भरायचं आणि सुई घालायला शिकायचं. आमच्या आधीच्या पोरींनी टोचून टोचून त्याची चाळण केलेली, त्यामुळे डोळे मिटून घातली तरी सुई आत जायची. रबरी हात ओरडत नाही आणि त्याचा नवरा अंगावर धावून येत नाही.

मग पोस्टिंग लागलं. पोस्टिंग म्हणजे सकाळी वर्गाऐवजी वॉर्डात जायचं आणि खऱ्या माणसांवर शिकायचं. बायकांच्या वॉर्डात पहिल्याच दिवशी मी ट्रे घेऊन एका खाटेपाशी गेले, तर पेशंटची जाऊ कंबरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, तू शिकाऊ ना? मग लांब हो, मोठ्या सिस्टरला बोलव. पुढच्या खाटेवर एका बाईचा ट्रकवाला नवरा होता, तो तर हिंदीतच सुरू झाला, ए, हाथ मत लगाना. बरं, त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. माझ्या आईला कोणी शिकाऊ पोरगी पुन्हा पुन्हा टोचायला लागली असती तर मीही तिचा ट्रे भिरकावून दिला असता. पण मग आम्ही शिकायचं कुठे? आभाळात?

आम्ही शिकायचो मोकळ्या खाटेवर. हा शब्द आम्हाला वरच्या वर्षाच्या पोरींनी दिला, त्यांना त्यांच्या वरच्यांनी. जिच्यावर पेशंट आहे पण पेशंटजवळ घरचं कोणी नाही, ती मोकळी खाट. तिथे सुई दोनदा चुकली काय नि चारदा चुकली काय, जाब विचारणारं माणूसच नाही. आम्हाला शिकवणाऱ्या कॉलेजच्या मॅडम तो शब्द कधी तोंडाने बोलल्या नाहीत. सकाळी नुसतं म्हणायच्या, आज तुम्ही तिकडे प्रॅक्टिस करा, आणि मानेने खिडकीकडे दाखवायच्या. आम्ही सगळ्या तिथेच शिकलो, खोटं कशाला बोलू.

आमच्या वेळी खिडकीजवळची ती खाट आवडाबाईंची होती. बाई दिवेआगरला एका वाडीत सुपारी सोलायला असायच्या. वादळात वाडी आडवी झाली, मालकाने त्या जागी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, आणि आवडाबाई सुपारी सोडून पाहुण्यांची भांडी घासायला लागल्या. तिथेच मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मालकाने स्वतःच्या गाडीत घालून आणलं, आधार कार्ड घेऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. नवरा केव्हाचा वारलेला, मूलबाळ नाही. ऑपरेशन करावं तर हृदय अशक्त, आणि सही करायला माणूस नाही. पायाला वजन टांगून त्या नुसत्या पडून होत्या. पडून पडून पाठीला जखम झाली, म्हणून औषध शिरेतून सुरू, म्हणून हाताला कायम सुई. ती सुई दोन-तीन दिवसांनी बदलावी लागे, आणि बदलायला आम्ही.

त्या ओरडायच्या नाहीत. ट्रेचा आवाज आला की तोंड खिडकीकडे करायचं आणि हात पुढे करायचा. टोचा शिस्टर, टोचा, म्हणायच्या. नुकती टोपी मिळालेली पोरगी असली तरी तिला शिस्टरच म्हणायच्या. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत जांभळासारखे झालेले. वॉर्डातल्या इतर बाया ते बघायच्या आणि आपापल्या पेशंटवरचं पांघरूण आणखी वर ओढायच्या.

पूनम बाकी सगळ्यात आमच्यापुढे. पेशंटची कूस बदलावी, पाठ पुसावी, चमच्याने पेज भरवावी ती तिनेच. पण हातात सुई आली की हात असा थरथरायचा की बघणाऱ्यालाच घाम फुटावा. त्यापायी कॉलेजच्या आतल्या परीक्षेत ती नापास झाली होती. येसाजीकाका रागीट माणूस नाही, पण त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, मोठ्या परीक्षेत असं झालं तर पुस्तकं तिथेच ठेव आणि घरी ये, पुढचं तुला ठाऊक आहे. पुढचं म्हणजे लग्न. तिच्या दोन्ही चुलत बहिणींचं असंच झालं होतं, आणि त्या दोघी आता शेतावर होत्या. पूनमला काही झालं तरी नर्सच व्हायचं होतं. त्यासाठी एकदा तरी ती मेली सुई सरळ जायला हवी होती.

एका सकाळी ती आवडाबाईंचे केस विंचरत बसली होती. केसांत उवा, जटा झालेल्या, आम्ही कोणी हात लावत नव्हतो. विंचरता विंचरता नातं निघालं. आमच्या रायगडात दोन बायका शेजारी बसल्या आणि नातं निघालं नाही असं होतच नाही. तू कुणाची, माहेर कुठलं, आईचं माहेर कुठलं, मामाची सोयरीक कुठे झाली. आवडाबाईंचं माहेर तळ्याच्याच बाजूचं निघालं, आणि त्यांची भावजय निघाली पूनमच्या आजीची चुलत बहीण. झालं! आवडाबाई म्हणाल्या, मंग मी तुझी आजी लागते की गं. पूनम म्हणाली, लागतेसच. तेव्हापासून आवडाबाईंची आजी झाली, अहोचं अगं झालं. आवडाबाईही तिला पोरी म्हणायला लागल्या. आम्ही बाकीच्या शिस्टरच राहिलो.

थोड्या दिवसांनी हेतल ट्रे घेऊन त्या खाटेकडे गेली. हेतल अलिबागच्या दुकानदाराची मुलगी, मनाने वाईट नाही, पण सगळी घाई. डाव्या हाताला दोनदा चुकलं, शीर फुटून टेंगूळ आलं, तसा तिने पट्टा सोडून उजव्या हाताला बांधला. आवडाबाईंनी तोही हात पुढे केला, पण या खेपेला खालचा ओठ दातांत धरलेला. पूनम पलीकडे चादर बदलत होती. चादर टाकून ती आली आणि तिने हेतलचं मनगट धरलं.

“थांब,” ती म्हणाली. “ही माझी आजी आहे.”

अख्खा वॉर्ड बघायला लागला. हेतल म्हणाली, तुझी आजी? कधीपासून? इन्चार्ज सिस्टर टेबलावरून उठून आल्या. पूनमने त्यांनाही तेच सांगितलं. सख्खी नाही, पण नात्यातली आहे, आणि नातेवाईक म्हणून सांगते, शिकाऊ कोणी हिला हात लावायचा नाही. तिच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता सरकारी दवाखान्यात नातेवाईक होणं म्हणजे काय असतं, ते हिला कुठे ठाऊक होतं! सिस्टर म्हणाल्या, बरं झालं बाई, आम्ही वाटच बघत होतो. साबण आण, तेल आण, गाऊन आण, बाहेरच्या मेडिकलमधून पाठीच्या जखमेचं मलम आण. मॅडमनी वेगळंच बजावलं. नात्यातल्या पेशंटवर शिकता येत नाही, तेव्हा त्या खाटेपाशी तू विद्यार्थिनी म्हणून जायचं नाही, भेटीच्या वेळी इतरांसारखी जा. बॅचच्या पोरी तर तिच्यावर दात धरून बसल्या. वॉर्डातली एकुलती एक मोकळी खाट हिने बंद केली, आता आम्ही काय एकमेकींचे गळे टोचू? मी भांडले त्यांच्याशी. खोलीत आल्यावर मग पूनमशीही भांडले.

म्हटलं, “अगं वेडे, त्या हाताची सगळ्यांत जास्त गरज तुलाच होती.”

“म्हणूनच तर,” ती म्हणाली. “उद्या मीच ट्रे घेऊन गेले असते.”

मग मी आणखी थोडा वेळ ओरडले.

पण आवडाबाईंचं रूप पालटलं ते सगळ्यांना दिसलं. आता सुई बदलायला मोठ्या सिस्टर यायच्या आणि एका फटक्यात लावून जायच्या. हातांवरचं जांभळं हिरवट झालं, मग पिवळं, मग कातडीचा रंग परत आला. चार ते सहा भेटीची वेळ. चार वाजायच्या आधीच त्या उशीला टेकून दाराकडे बघत बसायच्या. पूनम डब्यात पेज घेऊन गेली की शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं म्हणायच्या, आली माझी नात, नर्स होतेय ती. आपल्या पेशंटला पांघरुणात लपवणाऱ्या त्याच बाया मग त्यांना चहा द्यायला लागल्या. माणसाला माणूस आहे म्हटल्यावर जग कसं बदलतं बघा. राग येतो मला अजून.

सुईचं काय करायचं? शेवटी मीच बाही वर केली. दुपारी जेवून झाल्यावर हॉस्टेलच्या खोलीत दार लावायचं आणि पूनमने माझ्या हातावर शिकायचं. मी अशी किंचाळायचे की खालच्या वॉचमनने एकदा येऊन विचारलं, काय झालं. आईने व्हिडिओ कॉलवर हात बघितले आणि म्हणाली, कोनी मारलं गं तुला? मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीने, फार जीव आहे तिचा माझ्यावर. हळूहळू पूनमची सुई जायला लागली. कधी जायची, कधी नाही. थरथर मात्र गेली नाही. ती म्हणायची, तू तोंड वाकडं करतेस ते दिसतं ना मला. मी म्हटलं, मग डोळे मिट. ती म्हणाली, तसं कसं चालेल.

मोठी परीक्षा आली ती नेमकी गणपतीच्या तोंडावर. आता गणपतीत कोकणातला माणूस दवाखान्यात राहतो होय! चालता येतं तो चालत, नाही तो रिक्षात आडवा पडून, पण घरी जातोच. दोन दिवसांत वॉर्ड ओस पडला. उरले ते ज्यांना हलवणं अवघड होतं तेवढेच. त्यांच्या नातेवाइकांचे पाय धरून मॅडमनी परीक्षेसाठी कसेबसे होकार मिळवले होते.

परीक्षा घ्यायला बाहेरगावच्या बाई आलेल्या. पांढरे केस, कडक बोलणं, पण माणूस सरळ. त्यांनी आल्याआल्याच सांगितलं, पेशंटला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, सोबत कोणी असेल तर त्यांनाही विचारायचं. ऐकून मला इतकं बरं वाटलं, असं सांगणारं पहिल्यांदाच कोणीतरी भेटलं होतं. एकेकीची परीक्षा होत गेली. माझी झाली, हेतलची झाली. पूनमचा नंबर शेवटचा. तिच्या वाटणीला जी पेशंट ठेवली होती तिचा मुलगा ऐन वेळी आडवा आला. माझ्या आईला आता कोणी हात लावायचा नाही, आम्ही गणपतीला घरी नेतो म्हणाला.

बाकीच्यांना आमच्या सुया लावून झाल्या होत्या. परीक्षक बाईंनी वॉर्डभर नजर फिरवली आणि त्या खिडकीजवळ थांबल्या. आवडाबाईंची सुई त्याच दिवशी बदलायची होती. या पेशंटचं काय, त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ती या मुलीची नातेवाईक आहे. परीक्षक बाई म्हणाल्या, मग हिला तिच्यावर परीक्षा देता येणार नाही. दुसरा पेशंट नसेल तर मला हिचे मार्क शून्यच लिहावे लागतील, पुढच्या वर्षी बसू दे. मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, मॅडम, माझा हात घ्या, माझ्या शिरा हिला पाठ आहेत. मला वॉर्डाबाहेर काढलं. मी दारातच उभी राहिले.

आवडाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. आज नातीची परीक्षा म्हणून त्यांनी सकाळीच आयाकडून वेणी घालून घेतली होती. काय बोलणं चाललंय ते त्यांना नीट कळत नसावं. त्या आपल्या पूनमकडे बघून हसत होत्या.

आमच्या मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. पूनम पास व्हावी असं त्यांनाही वाटत होतं. आवाज खाली करून, पण ओस वॉर्डात दारापर्यंत ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, तसं सख्खं नातं नाहीच ना गं? लांबचंच ना?

पूनम जमिनीकडे बघत होती. तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला इतक्या लांबूनही कळत होतं. येसाजीकाका, ते शेत, ती पुस्तकं. सांग ना गं, मी मनात म्हणत होते, आणि काय सांग म्हणत होते ते माझं मलाच कळत नव्हतं.

“नाही मॅडम,” पूनम म्हणाली. “माझी कोणी लागत नाही.”

परीक्षक बाई सरळ माणूस, त्या आपल्या नियमाने खाटेपाशी गेल्या. वाकून विचारलं, आजी, तुमच्यासोबत इथे कोण आहे? आवडाबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. त्या पूनमकडे बघत राहिल्या. पूनमने ट्रे उचलला होता.

“न्हाय,” आवडाबाई म्हणाल्या. “माजं कोन न्हाय हितं.”

मग त्यांनी तोंड खिडकीकडे केलं आणि हात पुढे केला.

पूनमने पट्टा बांधला, बोटाने चाचपलं, कापूस फिरवला. मी दारातून तिच्या बोटांकडे बघत होते. त्या बोटांना मी किती वेळा शिव्या घातल्या असतील, किती वेळा ती माझ्या हातावर थरथरताना पाहिली असतील. त्या दिवशी ती थरथरली नाहीत. सुई पहिल्या खेपेलाच गेली, इतकी सरळ की रबरी हातातसुद्धा तशी गेली नसती. देवा, त्या एका दिवशी तरी थरथरायला हवी होती.

परीक्षक बाई म्हणाल्या, “छान. हात हलका आहे तुझा.”

पूनमने पट्टी चिकटवली आणि अगदी खाली वाकून विचारलं, दुखलं का गं आजी? आवडाबाईंनी मान न वळवता सांगितलं, न्हाय शिस्टर.

ती पास झाली. येसाजीकाकांनी गावभर पेढे वाटले. गणपतीला आम्ही आपापल्या घरी गेलो, आणि परत आलो तर पहिल्या वर्षाच्या नव्या पोरींचं पोस्टिंग लागलेलं. खिडकीजवळ तिघी जणी ट्रे घेऊन उभ्या. पूनम धावत गेली, म्हणाली, इथे शिकायचं नाही, ही नात्यातली पेशंट आहे. इन्चार्ज सिस्टर शांतपणे म्हणाल्या, पूनम, परीक्षक बाईंना तूच सांगितलंस ना, कोणी लागत नाही म्हणून? सगळ्यांनी ऐकलंय. पूनम बाजूला झाली. काय बोलणार होती?

चार वाजता ती भेटीला गेली. मीही सोबत गेले, एकटीला पाठवायला जीव होईना. तिच्या आईने केलेल्या करंज्या तिने स्टीलच्या डब्यात घालून आणल्या होत्या. आवडाबाई उशीला टेकून बसल्या नव्हत्या, पडून होत्या. डाव्या हातावर नवं टेंगूळ आलं होतं. पूनम खाटेपाशी उभी राहिली. म्हणाली, आजी, मी पूनम. बघ ना, गणपतीच्या करंज्या आणल्यात तुला. पोरी म्हण ना गं.

डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. आवडाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि उजवा हात पुढे केला.

“टोचा शिस्टर,” म्हणाल्या.